वैद्यकीय हलगर्जीपणाची पहिली केस: वकीलपत्र घेण्याआधी काय बघाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या कोर्टात ६ वर्षं दिवाणी वकिली झाली, कामं बहुतेक वाटप, मनाई, भाडेकरू अशी. आता एक गृहस्थ आलेत. त्यांची २९ वर्षांची बायको एका नर्सिंग होममध्ये रात्री ११.२० ला बाळंत झाली. बाळ सुखरूप आहे. आईचा रक्तस्राव मात्र थांबेना, पहाटे ४ च्या सुमारास तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला हलवलं आणि ६.४० ला ती गेली. घटनेला ११ महिने झाले. घरचे म्हणतायत, ‘डॉक्टरला सोडायचं नाही.’ तुम्ही विचारताय की वैद्यकीय शिक्षण नसलेल्या वकिलानं अशी केस घ्यावी का, घेतली तर दाखल कुठे करायची आणि सिद्ध कशी करायची.

मी या कामात २३ वर्षं आहे. पहिली ७ वर्षं एका विमा कंपनीच्या पॅनेलवर होतो, म्हणजे डॉक्टरांच्या बाजूनं उभा राहायचो. नंतर पॅनेल सोडलं आणि आता बहुतेक वेळा रुग्णांच्या बाजूनं असतो. दोन्हीकडच्या फायली हाताळल्यात म्हणून सांगतो, वैद्यकीय ज्ञान ही तुमची पहिली अडचण नाही. एका केसपुरतं ते मिळवता येतं. तुमची अडचण वेगळी आहे. समोर बसलेल्या माणसाला ‘ती का गेली’ हे हवंय आणि तुम्ही ‘भरपाई मिळेल का’ याचं उत्तर शोधायला निघालात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हातात आल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका. तोपर्यंत वकीलपत्रही घेऊ नका. फक्त कागद मिळवण्यापुरतं काम स्वीकारा आणि तसं अशिलाला लिहून द्या.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि कागद बघितल्याशिवाय त्या कुणीच सांगू शकणार नाही. रक्तस्राव कशामुळे झाला? गर्भाशय सैल पडलं, कुठे जखम झाली, वारेचा तुकडा आत राहिला की रक्त गोठण्याची क्रियाच बिघडली? नर्सिंग होममध्ये त्या रात्री कोण हजर होतं? सर्वांत जवळची रक्तपेढी किती अंतरावर होती? गरोदरपणात हिमोग्लोबिन किती होतं? शवविच्छेदन झालंय असं तुम्ही लिहिलंय, हे फार महत्त्वाचं आहे. माझ्याकडे आलेली कितीतरी कुटुंबं त्या वेळी ‘आता तिला अजून कापू नका’ म्हणाली आणि वर्षभरानं न्याय मागायला आली. त्यांना दोष कसा देणार? पण कागदावर मृत्यूचं कारण नसलं की सामनेवाले कुठलंही कारण मांडू शकतात. बाळंतपणात हमखास मांडलं जाणारं कारण म्हणजे गर्भजल रक्तात जाऊन झालेला अचानक मृत्यू. तसं खरोखर होतं. फार क्वचित होतं, आणि झालं तर त्यात कुणाचा दोष असेलच असं नाही. म्हणून शवविच्छेदनाचा अहवाल आणि ऊतींच्या तपासणीचा अहवाल हे दोन्ही वेगवेगळे मागवा. दुसरा बऱ्याचदा महिन्यांनी येतो आणि पोलिस ठाण्याच्या फायलीत तसाच पडून राहतो.

आता कागद. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचे असतात, आणि रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. पण अर्ज नवऱ्याच्या सहीनं, साध्या भाषेत लिहा. पहिल्याच पत्रात ‘तुमच्या हलगर्जीपणामुळे’ असा शब्द आला की ते पत्र विमा कंपनीच्या वकिलाकडे जातं आणि मग कागद सावकाश, गाळून येतात. ‘पत्नीच्या उपचाराचे संपूर्ण कागद हवे आहेत’ एवढं पुरे. मागणीत मात्र एकेका कागदाचं नाव घाला: गरोदरपणातल्या तपासण्या, दाखल होतानाची नोंद, प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख, संमतिपत्रं, डॉक्टरांच्या नोंदी, नर्सच्या नोंदी, औषधांचा तक्ता, सलाईन आणि लघवीचा हिशेब, रक्ताच्या मागणीच्या चिठ्ठ्या, हलवताना दिलेली चिठ्ठी. नुसतं ‘केसपेपर द्या’ म्हटलं की हातात डिस्चार्ज कार्ड ठेवतात.

त्याचबरोबर नर्सिंग होमच्या ताब्यात नसलेले कागद शोधा. रक्तपेढीचं रजिस्टर, रुग्णवाहिकेची नोंद, नवऱ्याच्या फोनमधले कॉल, औषधाच्या दुकानाची बिलं, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतली पहिली नोंद. हे कागद त्या रात्री परक्या माणसांनी लिहिलेले असतात. त्यांना कुणाला वाचवायचं नसतं आणि अडकवायचंही नसतं. आणि म्हणूनच त्या मोठ्या हॉस्पिटलला उगाच सामनेवाला करू नका. नवीन वकील हमखास सगळ्यांना पक्षकार करतो, कुणी सुटायला नको म्हणून. तुमच्या केसमध्ये ‘रुग्ण आली तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती’ असं त्यांच्या डॉक्टरनं लिहिलेलं असू शकतं. तो डॉक्टर तुमचा सर्वांत भक्कम साक्षीदार आहे. त्याला आरोपीच्या रांगेत बसवलंत की तो आपल्या बचावाच्या भाषेत बोलू लागतो.

सगळे कागद आले की मी एकच काम करतो आणि त्यासाठी २ पूर्ण दिवस मोकळे ठेवतो. मोठ्या कागदावर घड्याळ मांडतो. डावीकडे वेळ, १५-१५ मिनिटांनी. पुढे चार रकाने: नर्सनं काय नोंदलं, डॉक्टरनं काय नोंदलं, बाहेरचा कागद काय सांगतो, नातेवाइकांना काय आठवतं. कुठलाही निष्कर्ष लिहायचा नाही, फक्त नोंदी भरायच्या. हलगर्जीपणाची केस या तक्त्यात दिसते किंवा दिसत नाही. नाही दिसली तर ती पुढे युक्तिवादात उगवत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. कायद्याचा प्रश्नही असाच असतो: त्या वेळी, समोर जे दिसत होतं त्यावरून, साधारण कुशल डॉक्टरनं पुढच्या अर्ध्या तासात काय करायला हवं होतं, आणि यांनी काय केलं? शेवट काय झाला हे माहीत असलेल्या माणसाच्या नजरेनं मागे वळून बघणं कोर्टाला मान्य नसतं, आणि ते योग्यच आहे.

अशीच एक जुनी केस सांगतो. बाळंतपण, रक्तस्राव, मृत्यू. डॉक्टरांच्या नोंदी नीटनेटक्या होत्या, दर तासाला ‘प्रकृती स्थिर’. मला काहीच सापडेना. नर्सच्या तक्त्यात रक्तदाब ११०/७०, पुन्हा ११०/७०, मग १००/७०. चांगला वाटत होता. ओळखीच्या एका भूलतज्ज्ञ बाईंना तो कागद दाखवला. त्यांनी रक्तदाबाच्या रकान्याकडे बघितलंच नाही, बोट शेजारच्या रकान्यावर ठेवलं. नाडी: ९२, १०८, १२६. म्हणाल्या, ‘तरुण बाई आहे. तिचं शरीर बराच वेळ रक्तदाब सांभाळून धरतं. साधारण ३० टक्के रक्त जाईपर्यंत तो फारसा पडत नाही. पण नाडी आधीपासून सांगत असते. इथे ती दीड तास ओरडून सांगतेय.’ तो कागद मी १० वेळा वाचला होता. त्या दिवसापासून मी कुठलाही तक्ता वैद्यकीय माणसाशेजारी बसून वाचल्याशिवाय केसबद्दल मत देत नाही.

त्याच फायलीत पुढे एक नोंद होती: ‘पहाटे २.१० रक्त मागवले.’ रक्तपेढीकडून रजिस्टरचा उतारा मागवला, तर मागणी मिळाल्याची वेळ ४.२५. रक्तपेढी तिथून चालत १० मिनिटांवर. ही सव्वादोन तासांची दरी म्हणजेच ती केस होती. बाकी सगळं, बिलं, उद्धट बोलणं, डॉक्टर फोन उचलत नव्हते हे सगळं, मी तक्रारीत दोन ओळींत आटोपलं.

एक सावधगिरी. वेळेतली तफावत दिसली की लगेच ‘खोटे कागद’ असा आरोप करू नका. नर्स ड्यूटी संपताना सगळ्या नोंदी एकदम लिहितात, भिंतीवरचं घड्याळ आणि मोबाइल यांत १० मिनिटांचा फरक असतो, घाईत सरळ चूकही होते. पॅनेलवर असताना मी हेच मुद्दे मांडून असे आरोप उडवून लावलेत. ५ मिनिटांच्या फरकावर आवाज चढवलात तर २ तासांच्या फरकाकडेही ग्राहक आयोग संशयानं बघतो.

आता वैद्यकीय ज्ञानाबद्दल. तुम्हाला स्त्रीरोगशास्त्र शिकायचं नाही, त्या ७ तास २० मिनिटांचं शास्त्र शिकायचंय. पदव्युत्तर विद्यार्थी वापरतात त्या पाठ्यपुस्तकातलं प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचं प्रकरण ३ वेळा वाचा. आवृत्ती मात्र घटनेच्या वेळी चालू असलेली घ्या. नंतर आलेल्या मार्गदर्शक सूचनांवरून डॉक्टरला तोलता येत नाही. वाचताना लक्षात येईल की नैसर्गिक प्रसूतीनंतर ५०० मिलीपेक्षा जास्त रक्त गेलं की धोक्याची घंटा वाजायला हवी, आणि पुढच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: मदत बोलवा, गर्भाशय चोळा, त्याला आकुंचन आणणारी औषधं द्या, जखम आणि वारेचा तुकडा तपासा, रक्ताची सोय करा, नाही थांबलं तर गर्भाशयात दाबासाठी फुगा, टाके, शेवटी गर्भाशय काढणं. ट्रानेक्सामिक ॲसिड हे इंजेक्शन प्रसूतीपासून ३ तासांच्या आत द्यावं अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१७ पासूनची शिफारस आहे. या पायऱ्या तुमच्या घड्याळाशेजारी मांडा. कुठली पायरी केव्हा चढली, कुठली चढलीच नाही, हे डोळ्यांना दिसेल. आणि सगळ्या पायऱ्या वेळेत चढूनही बाई गेली असं दिसलं, तर अशिलाला तेच सांगायचं धाडस ठेवा.

कायद्याची चौकट तशी जुनी आहे. इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम निकालातली कसोटी आपल्याकडे जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या निकालानं पक्की केली: त्या शाखेतला साधारण कुशल डॉक्टर जे करेल ते केलं असेल, तर दुसऱ्या डॉक्टरनं वेगळं केलं असतं एवढ्यावरून हलगर्जीपणा ठरत नाही. निर्णय चुकणं वेगळं आणि काळजी न घेणं वेगळं. २०१९ च्या अरुणकुमार मांगलिक निकालात डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्ताच्या तपासण्या मधल्या काळात वेळच्या वेळी झाल्या नाहीत, यावर सर्वोच्च न्यायालयानं बोट ठेवलं आणि १५ लाखांची भरपाई दिली. तो निकाल मुळातून वाचा. न्यायालयानं तिथे घड्याळच वाचलं आहे.

नवीन वकिलाची सर्वांत मोठी चूक पुढच्या टप्प्यावर होते. चूक सापडली की त्याला वाटतं केस झाली. चुकीमुळेच मृत्यू झाला हा धागा वेगळा जोडावा लागतो. मी स्वतः इथे हरलोय. ७४ वर्षांचे गृहस्थ, मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन आयसीयूत होते. रात्री पलंगाची कठडी वर नव्हती, ते खाली पडले, ३ दिवसांनी गेले. कठडी खाली होती हे त्यांच्याच नोंदीत होतं. मला वाटलं, यात सिद्ध करायला उरलंय काय? पण पडल्यानंतरच्या स्कॅनमध्ये नवीन काहीच नव्हतं, जुनाच रक्तस्राव वाढत गेला होता. आयोगानं सेवेतल्या त्रुटीबद्दल थोडी रक्कम दिली आणि मृत्यूबद्दलची मागणी नाकारली. मुलगा बाहेर आल्यावर म्हणाला, ‘म्हणजे वडील पडले ते चालतं का?’ मला उत्तर देता आलं नाही, कारण पहिल्या भेटीत मी त्याला हा फरक समजावलाच नव्हता. निकाल बरोबर होता. समजावण्यात मी कमी पडलो होतो.

हा धागा कसा जोडायचा हे बघायचं असेल तर आपल्याच मातीतला एक निकाल आहे, लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर २० वर्षांच्या एका मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्यात आणलं आणि तिथे पूर्ण भूल न देता, मॉर्फियावरच, माणसं लावून पाय ओढून हाड बसवलं. त्याच रात्री मुलगा गेला. डॉक्टरांचं म्हणणं, चरबीचा कण रक्तात जाऊन मृत्यू झाला. वडिलांचं म्हणणं, वेदनेच्या धक्क्यानं झाला. अखेर १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धक्क्याचं कारण मान्य केलं. रुग्ण स्वीकारायचा की नाही, कोणते उपचार करायचे आणि ते कसे द्यायचे, या तिन्ही बाबतींत डॉक्टरवर काळजीचं कर्तव्य असतं, हे त्या निकालातलं वाक्य आजही रोज उद्धृत होतं. मला त्यातलं जास्त शिकण्यासारखं वाटतं ते असं की मृत्यूच्या दोन कारणांपैकी कुठलं लागू पडतं हे न्यायालयानं त्या दिवशी घडलेल्या गोष्टींच्या क्रमावरून तपासलं. तुमच्या केसमध्येही ‘गर्भजल’ विरुद्ध ‘रक्त जाणं’ असा सामना होण्याची शक्यता आहे. एकदम कोसळणं आणि तासन् तास हळूहळू खचत जाणं यांचे तक्ते वेगळे दिसतात.

तज्ज्ञाचं मत लागतंच का? व्ही. किशन राव निकालात (२०१०) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की प्रत्येक केसमध्ये ते अनिवार्य नाही. पोटात फडकं राहिलं तर तज्ज्ञ कशाला हवा? औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातल्या १९६३ च्या अशा केसमध्ये, अच्युतराव खोडवा निकालात, न्यायालयानं घटनाच पुरेशी बोलकी मानली. (तो निकाल आला १९९६ मध्ये. वेळेची कल्पना अशिलाला आधीच द्या.) तुमची केस तशी नाही, तुम्हाला तज्ज्ञ लागेल. उघड साक्ष द्यायला गावातला डॉक्टर तयार होणार नाही. त्याच संघटनेत त्याला उद्या बसायचंय, मी त्याला नावं ठेवत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातले, निवृत्त प्राध्यापक बघा. नाहीतर कागद सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाकडे पाठवण्याचा अर्ज आयोगाकडे द्या. पण प्रश्न तुम्ही तयार करून द्या. ‘हलगर्जीपणा झाला आहे काय?’ असं विचारलं तर एका ओळीत ‘आढळून येत नाही’ असं उत्तर येतं आणि केस तिथेच बसते. उदाहरणार्थ, असं विचारा: ‘१२.४५ च्या नाडीच्या नोंदीवरून रक्तस्रावाची शंका घेणं अपेक्षित होतं का? त्या वेळी कोणती पावलं उचलणं अपेक्षित होतं? ती उचलल्याची नोंद कोणत्या पानावर आहे?’ अशा प्रश्नांना डॉक्टर प्रामाणिक उत्तरं देतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना सहकाऱ्यावर शिक्का मारायचा नसतो, पण वैद्यकशास्त्र काय सांगतं ते सांगायला त्यांची हरकत नसते.

दाखल कुठे करायची हा भाग सोपा आहे. पैसे घेऊन उपचार झालेत, म्हणजे ग्राहक आयोग. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून हे ठरलेलं आहे. रुग्णालय सगळ्यांवरच मोफत उपचार करणारं असतं तर दिवाणी न्यायालयात जावं लागलं असतं. २०१९ च्या कायद्यात एक बदल झालाय, त्यावर अजूनही बरेच वकील अडखळतात: कोणत्या आयोगात जायचं हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, रुग्णानं मोजलेल्या मोबदल्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत मोबदला असेल तर जिल्हा आयोग. त्यामुळे बिल ६० हजारांचं आणि मागणी ८० लाखांची असली तरी तुम्ही जिल्हा आयोगातच जाणार. मोबदला ५ लाखांच्या आत असल्यानं फीही लागणार नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही आता जाता येतं. मुदत २ वर्षं. मृत्यू किंवा गंभीर इजेची प्रकरणं आयोग मध्यस्थीसाठी पाठवू शकत नाही, हेही लक्षात ठेवा. तडजोड करायचीच असेल तर पक्षकारांनी आपसात करावी.

फौजदारीबद्दल घरचे विचारतीलच. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरला २ वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, पण जेकब मॅथ्यू निकालानुसार त्यासाठी ढोबळ, अक्षम्य हलगर्जीपणा लागतो आणि पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: भरपाईसाठी दबाव म्हणून गुन्हा नोंदवायला जाऊ नका. ते चुकीचं आहे, आणि तो गुन्हा टिकला नाही की ते कागद डॉक्टर आयोगात सर्वांत वर लावतात. त्या रात्री नातेवाइकांनी काचा फोडल्या का, हेही आत्ताच विचारून घ्या. महाराष्ट्रात त्यासाठी २०१० चा वेगळा कायदा आहे आणि उलट गुन्हा दाखल असेल तर तो तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत हवा.

उलटतपासाची तुम्हाला दिवाणी कोर्टातली सवय असेल. ग्राहक आयोगात बहुतेक काम शपथपत्रांवर चालतं आणि उलटतपास लेखी प्रश्नावलीनं होतो. जे. जे. मर्चंट निकालानं (२००२) तो मार्ग घालून दिला. प्रश्नावलीचं उत्तर डॉक्टर वकिलाशेजारी बसून लिहिणार आहेत, त्यामुळे सापळ्याचे प्रश्न फुकट जातात. मी साधारण १५ प्रश्न देतो, सगळे वेळेवर बेतलेले, ज्यांचं उत्तर आकडा किंवा पान क्रमांकच असू शकेल. ‘१२.४५ ते २.१० या वेळेत तुम्ही रुग्णाला प्रत्यक्ष तपासल्याची नोंद कोणत्या पानावर आहे?’ या प्रश्नाला लांब उत्तर आलं की समजावं, पान नाही.

फीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हे गृहस्थ विचारतील: ‘मिळालं त्यातले एवढे टक्के घ्या.’ बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. टप्प्यांनी ठरवा, लेखी ठरवा, तज्ज्ञाचा खर्च वेगळा दाखवा. परवडत नसेल तर कमी घ्या, पण टक्क्यांवर जाऊ नका. टक्के ठरले की ‘ही केस नाही’ हे सांगणं तुम्हालाच जड जाईल, आणि या कामात ते वाक्य सारखं सांगावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या १० पैकी ७ जणांना मी परत पाठवतो. त्यातल्या बऱ्याच जणांना नेमकं काय घडलं हे पहिल्यांदा मी घड्याळ समोर ठेवून सांगितलेलं असतं. एका आईनं दीड तास तो कागद ऐकला, मधे एकदाच विचारलं, ‘म्हणजे मी १२ ला नेलं असतं तरी हेच झालं असतं?’ हो म्हणालो. तिला केस करायचीच नव्हती. ११ महिने ती स्वतःलाच दोष देत होती.

थोडक्यात, आत्ता तुमच्या हातात काय आहे ते. ११ महिने गेलेत, १३ शिल्लक आहेत. या आठवड्यात नवऱ्याच्या सहीचे तीन अर्ज करा: नर्सिंग होमला, मोठ्या हॉस्पिटलला आणि रक्तपेढीला. समक्ष द्या, पोच घ्या, आणि एक प्रत स्पीड पोस्टानंही पाठवा. शवविच्छेदन आणि ऊतींच्या तपासणीच्या अहवालांसाठी पोलिस ठाण्यात चौथा अर्ज. नवऱ्याला बसवून त्या रात्रीची हकीकत लिहून घ्या, पण आधी त्याच्या फोनमधला कॉलचा इतिहास उघडून समोर ठेवा. माणसं दुःखात वेळ विसरतात, फोन विसरत नाही. जुना हँडसेट असेल तर तो विकू नका, बदलू नका म्हणावं. कागद आले की तक्ता मांडा आणि १२ ते ४ या रकान्यांत काय भरलं ते मला लिहा. रक्तपेढीच्या रजिस्टरची वेळ आणि नाडीचा रकाना, हे दोन आधी.